ग्रीक रंगभूमी ते ‘खयाल अल-जिल’ : मध्ययुगीन नाट्येतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

महाविद्यालयीन पातळीवर नाट्याचा इतिहास शिकविताना एक ठराविक क्रम सांगितला जातो. इ.स.पूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये नाटक भरभराटीस आले, रोमनांनी ते उचलले, ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या विरोधामुळे ते बंद पडले आणि दहाव्या शतकात युरोपातील मठांमधून त्याचा पुनर्जन्म झाला. भारतापुरते बोलताना भरतमुनी, कालिदास, भवभूती आणि त्यानंतर एकदम १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी केलेला ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग, अशी उडी मारली जाते. या दोन्ही क्रमांत अरब-इस्लामी जगाचा उल्लेख आलाच तर एका वाक्यापुरता येतो. मुसलमान विद्वानांनी ग्रीकांचे तत्त्वज्ञान, वैद्यक व गणित घेतले, पण नाटक घेतले नाही, कारण नाटक म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हते, असे ते वाक्य असते.

या विधानाचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. ग्रीक नाटके अरबीत आली नाहीत, हे निश्चित. परंतु ग्रीक नाटक न येणे आणि नाट्यच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ययुगात ‘नाटक’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि प्रत्यक्ष खेळ यांची फारकत झाली. शब्द ग्रंथालयात राहिला आणि खेळ बाजारात, दरबारात व पडद्यामागे चालू राहिला. ही फारकत कशी झाली आणि तिच्यामुळे इतिहासलेखनात कोणती पोकळी निर्माण झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अथेन्स ते बुस्रा

ग्रीक नाटकाचा उगम डायोनिसस या देवतेच्या उत्सवाशी निगडित होता. अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर प्रेक्षक बसत आणि खालच्या मोकळ्या जागेत समूहगायकांचा ताफा व मुखवटे घातलेले नट प्रयोग करीत. सर्व नट पुरुष असत. ताफ्याचा खर्च नगरातील एखाद्या श्रीमंत नागरिकावर सोपविला जाई. आज संपूर्ण उपलब्ध असलेले सर्वांत जुने ग्रीक नाटक म्हणजे इस्किलसचे ‘पर्शियन्स’ (इ.स.पू. ४७२). ‘थिएटर’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘पाहण्याची जागा’ आणि ‘ड्रामा’ या शब्दाचा अर्थ ‘कृती’. याचा अर्थ असा की, पाहणे आणि करणे या दोन क्रियांवर ही कला उभी होती.

इस्किलसनंतर सुमारे दीड शतकाने ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ म्हणजे काव्यशास्त्र हा ग्रंथ लिहिला. शोकांतिकेची सहा अंगे त्याने सांगितली : कथानक, स्वभाव, विचार, भाषा, गीत आणि दृश्य. पुढील काळात या सहाव्या अंगाची, म्हणजे दृश्याची, जी गत झाली तिच्यातच आपल्या विषयाचे मर्म आहे.

रोमन साम्राज्यात मोठमोठी दगडी नाट्यगृहे बांधली गेली. रोम शहरातील पहिले कायम स्वरूपाचे दगडी नाट्यगृह पॉम्पीने इ.स.पू. ५५ मध्ये उभारले. मात्र साम्राज्याच्या उत्तरकाळात गंभीर नाटक मागे पडून मूकाभिनय व विनोदी नकला यांचा जोर वाढला. इ.स. २००च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने अशा खेळांविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले. ६९२ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेने नकलाकार आणि त्यांचे प्रयोग यांवर बंदी घातली. सोफोक्लीस, युरिपिडीस यांची नाटके तेथील पाठशाळांत वाचली जात होती, पण ती व्याकरण व भाषा शिकण्यासाठी. रंगमंचावर ती होत नव्हती.

याचा परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. बगदादच्या अनुवादकांपर्यंत ग्रीक ज्ञान पोहोचले तेव्हा ते ज्यांच्याकडून आले त्या सिरियाक व बायझंटाईन पंडितांनीही ग्रीक नाटकाचा प्रयोग कधी पाहिलेला नव्हता. वैद्यक, तर्कशास्त्र व खगोलशास्त्र यांना जिवंत उपयोग होता, म्हणून ते ग्रंथ भाषांतरित झाले. नाटकाला जिवंत परंपरा उरली नव्हती, म्हणून ते मागे राहिले.

या स्थितीचे दगडात कोरलेले उदाहरण दक्षिण सीरियातील बुस्रा येथे आहे (इराकमधील बसरा ते वेगळे). रोमनांच्या अरबिया प्रांताची ही राजधानी. येथे इ.स.च्या दुसऱ्या शतकात भव्य नाट्यगृह बांधले गेले. तेराव्या शतकात अय्यूबी राज्यकर्त्यांनी या नाट्यगृहाभोवती बुरूज व तटबंदी उभारून त्याचा किल्ला केला. पायऱ्यांची ती अर्धवर्तुळाकार वास्तू किल्ल्याच्या पोटात सुरक्षित राहिली. विसाव्या शतकात आतील माती व नंतरची बांधकामे काढल्यावर ती जवळजवळ अखंड स्वरूपात पुन्हा दिसू लागली. नाट्यगृह होते, पण ते कशासाठी बांधले होते याची आठवण कोणाला नव्हती.

‘नजर’ या शब्दाची कथा

‘पोएटिक्स’चा अरबी अनुवाद बगदाद येथे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात अबू बिश्र मत्ता इब्न यूनुस (मृत्यू ९४०) यांनी केला. ते ख्रिस्ती तर्कशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी हा अनुवाद मूळ ग्रीकवरून नव्हे, तर सिरियाक भाषांतरावरून केला. ‘ट्रॅजेडी’ या शब्दासाठी त्यांनी ‘मदीह’ म्हणजे स्तुतिकाव्य आणि ‘कॉमेडी’साठी ‘हिजा’ म्हणजे निंदाकाव्य हे शब्द योजले. अरबी काव्यात हे दोन्ही प्रकार अत्यंत परिचित होते. शोकांतिकेत थोर माणसांचे आणि सुखात्मिकेत क्षुद्र माणसांचे अनुकरण असते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. तेव्हा थोरांची ती स्तुती आणि क्षुद्रांची ती निंदा, असा हा हिशेब होता. तो चुकीचा असला तरी निरर्थक नव्हता.

दृश्य या सहाव्या अंगासाठी अनुवादात ‘नजर’ हा शब्द आला. उर्दू-मराठी वाचकाला त्याचा ‘पाहणे’ हा अर्थ सहज कळतो. परंतु तत्त्वज्ञानाच्या अरबी परिभाषेत ‘नजर’ म्हणजे चिंतन, युक्तिवाद. कोर्दोबाचे थोर भाष्यकार इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी या ग्रंथावर मध्यम विस्ताराचे भाष्य लिहिले तेव्हा त्यांनी हा दुसरा अर्थ घेतला. शोकांतिकेचे सहावे अंग म्हणजे एखाद्या मताची यथार्थता दाखवून देणारे विवेचन, असे त्यांच्या भाष्यात झाले. डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट बुद्धीने पाहण्याची झाली. तत्पूर्वी अल-फाराबी (मृत्यू ९५०) आणि इब्न सीना (९८०–१०३७) यांनीही या ग्रंथाचा परामर्श घेतला होता आणि काव्याचा श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर होणारा परिणाम यासंबंधी महत्त्वाचा विचार मांडला होता. पण प्रयोग ही बाजू त्यांच्याही विवेचनात गौणच राहिली.

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांनी १९४७ साली या प्रसंगावर एक प्रसिद्ध कथा लिहिली. तीत इब्न रुश्द ‘ट्रॅजेडी’ व ‘कॉमेडी’ या दोन शब्दांचा अर्थ शोधत बसले आहेत आणि त्यांच्या खिडकीखाली मुले मुअज्जिन, मीनार आणि नमाजी यांची सोंगे घेऊन खेळत आहेत. कथा म्हणून ती अप्रतिम आहे. मात्र तिच्यामुळे मुस्लिम विद्वानाच्या जगात नाट्यसदृश काही नव्हतेच, हा समज अधिक पक्का झाला.

तोच गोंधळ युरोपातही

या चुकीचे खापर एकट्या अरबी परंपरेवर फोडणे न्याय्य नाही. इब्न रुश्द यांचे हे भाष्य १२५६ साली टोलेडो येथे हर्मान नावाच्या जर्मन विद्वानाने लॅटिनमध्ये आणले आणि युरोपने पुढे दीर्घकाळ ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र याच भाष्यातून वाचले. १२७८ साली विल्यम ऑफ मरबेक याने थेट ग्रीकवरून केलेले लॅटिन भाषांतर उपलब्ध असूनही त्याकडे फारसे कोणी वळले नाही. मदीह आणि हिजा ही विभागणी युरोपीय पंडितांना पटण्यासारखी वाटली, कारण त्यांच्याकडेही ते शब्द रंगमंचापासून तुटलेले होते.

दान्तेने (१२६५–१३२१) आपल्या महाकाव्याला ‘कॉमेडी’ म्हटले. त्यात रंगमंच नाही, नट नाहीत. आरंभ भयंकर आणि शेवट सुखद, एवढ्यावरून ते नाव त्याने दिले. इंग्रज कवी चॉसर (मृत्यू १४००) याच्या कथासंग्रहातील मठवासी ‘ट्रॅजेडी’ची व्याख्या करतो तीही वैभवातून पतन पावलेल्या माणसाची गोष्ट अशीच. म्हणजे ग्रीक शब्दांचा नाट्यार्थ बगदादमध्ये हरवला तसा तो फ्लॉरेन्स व लंडनमध्येही हरवला होता. आणि तरीही युरोपात चर्चच्या आवारात ईस्टरचे नाट्यप्रवेश होत होते, गांडर्सहाइमच्या मठातील ह्रोत्स्विता ही विदुषी दहाव्या शतकात लॅटिन नाटके लिहीत होती. तेथील शब्द व खेळ यांची फारकत इतिहासकारांनी समजून घेतली. अरब जगाच्या बाबतीत मात्र शब्दाच्या अभावावरून खेळाचा अभाव गृहीत धरला.

बाजारातील ‘हाकिया’

खेळ पाहायचा असेल तर तत्त्वज्ञांचे ग्रंथ बाजूला ठेवून अदबचे, म्हणजे ललित व माहितीपर गद्याचे ग्रंथ उघडावे लागतात. नवव्या शतकातील बसऱ्याचे गद्यकार अल-जाहिज यांनी ‘हाकिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नकलाकारांचे वर्णन केले आहे. येमेनी, खुरासानी, अहवाजी, सिंधी अशा निरनिराळ्या लोकांच्या बोलण्याच्या लकबी हे लोक हुबेहूब उतरवीत. आंधळ्या माणसाची नक्कल करताना सर्व आंधळ्यांच्या खुणा एकाच माणसात एकत्र आल्यासारखे वाटे. त्यांच्यातील एकजण बगदादच्या कर्ख भागात गाढवाचे ओरडणे असे काढी की थकलेली गाढवेही त्याला साद देत.

‘हाकिया’ हा शब्द ‘हिकाया’ याच धातूचा. आज उर्दूत हिकायत म्हणजे गोष्ट. जुन्या अरबीत तिचा पहिला अर्थ नक्कल, अनुकरण. आणि ॲरिस्टॉटलच्या ‘अनुकरण’ या कळीच्या संकल्पनेसाठी अरबी अनुवादात जो शब्द आला तो ‘मुहाकात’, म्हणजे त्याच धातूचा! तत्त्वज्ञाच्या लेखणीतील संज्ञा आणि बाजारातील नकलाकाराचे नाव एकाच कुळातले होते. दोहोंची गाठ मात्र पडली नाही. विद्वानांच्या दृष्टीने नक्कल ही करमणूक होती, काव्यशास्त्र हा तर्कशास्त्राचा भाग होता.

दरबारातही सोंगे होत. अब्बासी खलिफा अल-मुतवक्किल (कारकीर्द ८४७–८६१) याच्यापुढे नवरोजच्या दिवशी मुखवटे घातलेले सोंगाडे खेळ करीत असल्याचा वृत्तान्त दहाव्या शतकातील अश-शाबुश्ती यांनी दिला आहे. उधळलेली नाणी वेचताना ते खलिफाच्या अगदी जवळ गेल्याने एक अधिकारी संतापला, अशीही नोंद त्यात आहे. मुखवट्याआड मारेकरी असू शकतो, ही त्याची भीती होती.

लिखित वाङ्मयात याच नकलेचे संस्कारित रूप म्हणजे ‘मकामा’. अल-हमदानी (९६८–१००८) यांनी हा प्रकार रूढ केला आणि अल-हरीरी (१०५४–११२२) यांनी ५० मकामांत त्याला पूर्णत्व दिले. अबू जैद नावाचा हुशार भिक्षेकरी प्रत्येक मकाम्यात नवे सोंग घेतो आणि शेवटी कथनकार त्याला ओळखतो. यह्या अल-वासिती यांनी १२३७ साली चित्रित केलेल्या हरीरींच्या प्रतीत वक्ता आणि भोवती जमलेले प्रेक्षक यांची चित्रे पाहिली की, ते प्रवेशच समोर मांडल्यासारखे वाटतात.

सावल्यांचा खेळ आणि इब्न दानियाल

अरब जगातील पूर्ण अर्थाने नाट्य म्हणता येईल असा प्रकार म्हणजे ‘खयाल अल-जिल’, सावल्यांचा खेळ. अंधाऱ्या जागेत पांढरा पडदा ताणावयाचा, मागे दिवा ठेवावयाचा, कातड्याच्या आकृती काठ्यांच्या साहाय्याने पडद्याला भिडवून नाचवावयाच्या आणि आवाज बदलून सर्वांची भाषणे म्हणावयाची, अशी त्याची रीत होती. प्रकाशशास्त्राचे जनक इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात दृष्टिभ्रमाचे उदाहरण म्हणून या खेळाचा उल्लेख केला आहे. इब्न हज्म (९९४–१०६४) यांनी जगाची तुलना लाकडी चक्रावर बसविलेल्या, एक गट दिसेनासा होताच दुसरा पुढे येणाऱ्या अशा आकृतींच्या खेळाशी केली आहे. हे इब्न हज्म कोर्दोबाचेच, इब्न रुश्द यांच्या शंभर वर्षे आधीचे. त्यामुळे अंदलुसी विद्वानाला पडद्यावरील खेळाची कल्पनाच असू शकत नव्हती, असे म्हणता येत नाही.

या खेळाचा सर्वांत मोठा लेखक म्हणजे मुहम्मद इब्न दानियाल. जन्म मोसलचा. मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केल्यानंतर तरुण वयात ते कैरोला आले आणि बाब अल-फुतूह या वेशीजवळ डोळ्यांच्या औषधांचे दुकान त्यांनी थाटले. व्यवसायाने नेत्रवैद्य आणि वृत्तीने विनोदी कवी असलेल्या या गृहस्थाने पडद्यासाठी तीन नाटके लिहिली. त्यांचा मृत्यू १३१०च्या सुमारास झाला. मध्ययुगीन अरबी भाषेतील उपलब्ध नाट्यसंहिता म्हणून या तीन नाटकांना अनन्य महत्त्व आहे.

पहिल्या नाटकाच्या आरंभी, जुने खेळ शिळे झाल्याची तक्रार करणाऱ्या एका मित्राला उद्देशून लेखक काही सूचना देतो. आकृती कापाव्या, रंगवाव्या, प्रेक्षक जमवावे, पडदा उजळावा, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे ही संहिता वाचण्यासाठी नव्हे, करण्यासाठी लिहिली होती. या नाटकात अमीर विसाल नावाचा स्वच्छंदी सैनिक सुधारण्याचे ठरवून लग्न करू पाहतो, दलालीण त्याला फसविते, आणि अखेर तो हजला निघतो. सुलतान बयबर्स याने मद्यालये बंद केली त्या काळाचा उपहासात्मक संदर्भ त्यात आहे. दुसऱ्या नाटकात कथानक असे नाहीच. बाजारातील माणसे एकेक करून पडद्यावर येतात. उपदेशक, गारुडी, भोंदू वैद्य, ज्योतिषी, कसरतपटू, सिंह खेळविणारा अशी ती मिरवणूक आहे. तिसऱ्यात प्रेमिकांच्या चढाओढीत कोंबडे, मेंढे व बैल यांच्या झुंजी आहेत. भाषा कधी यमकयुक्त गद्य, कधी पद्य, कधी कैरोची बोली. काही भाग उघडपणे अश्लील आहेत. वर्गात शिकविताना हे लपवू नये, कारण त्यामुळेच ही नाटके दीर्घकाळ अभ्यासकांनी दूर ठेवली.

विरोध आणि आश्रय

या खेळाला सर्वत्र मान्यता होती, असा दावा करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. सुलतान जकमकने १४५१ साली सावल्यांच्या आकृती जाळण्याचा हुकूम काढला. मात्र विरोधाच्या जोडीने आश्रयही होता. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्यासंबंधी एक प्रसंग सांगितला जातो. त्यांनी आपले वजीर अल-काजी अल-फाजिल यांना हा खेळ दाखविला. काजी प्रथम उठून जाऊ लागले, पण आग्रहाखातर शेवटपर्यंत बसले. खेळ कसा वाटला असे विचारता ते म्हणाले की यात मोठा बोध आहे : राज्ये येताना-जाताना दिसली आणि पडदा गुंडाळल्यावर पाहिले तर हलविणारा एकच होता.

सुलतान सलीमने १५१७ साली मिसर जिंकल्यावर, शेवटचा ममलूक सुलतान तूमान बाय याच्या फाशीचा प्रसंग एका खेळियाने पडद्यावर दाखविला. सलीमने त्याला ८० दीनार आणि वस्त्र देऊन, आपल्या मुलालाही हा खेळ पाहता यावा म्हणून इस्तंबूलला चलण्यास सांगितले, असे समकालीन इतिहासकार इब्न इयास यांनी नोंदविले आहे. काही दिवसांपूर्वीची राजकीय घटना कातडी आकृतींनी जेत्यासमोर मांडण्याइतका हा खेळ तत्पर व निर्भीड होता.

सूफी कवींनी तर या खेळाला रूपकाचा दर्जा दिला. कैरोचे इब्न अल-फारिद (११८१–१२३५) यांच्या दीर्घ काव्यात पडद्यावरील सर्व हालचाली एकाच अदृश्य कर्त्याच्या असल्याचे विवेचन येते. इब्न अरबी यांनीही हेच रूपक वापरले आहे.

मराठी भाषकांशी असलेला दुवा

येथे मराठी वाचकास ज्ञानेश्वरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १२९० साली (शके १२१२) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत, सूत्राने चालविल्या जाणाऱ्या बाहुलीप्रमाणे आपले सद्गुरू आपल्याकडून बोलवीत आहेत, असा दृष्टान्त येतो. ज्ञानेश्वर आणि इब्न दानियाल समकालीन होत. एकाने दुसऱ्याचे ऐकले होते असे सुचविण्याचा हेतू नाही. दोन्ही प्रदेशांत बाहुल्यांचा खेळ लोकांच्या इतक्या परिचयाचा होता की गहन विचार समजावण्यास तो उपयोगी पडला, एवढेच यातून दिसते. त्याच शतकात, १२४३ साली, गुजरातेत अणहिलवाड येथे सुभटकवीचे ‘दूताङ्गद’ सादर झाले. ते स्वतःला ‘छायानाटक’ म्हणवते. त्या शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

सावल्यांच्या खेळाशी मराठीचे नाते मात्र प्रत्यक्ष आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांबरोबरच चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’ करणारे किळ्ळेक्यात लोक प्रयोग कन्नडमध्ये करतात, पण घरात मराठीची एक बोली बोलतात. आंध्र व तमिळ प्रदेशांतील चर्मबाहुल्यांचे खेळ करणाऱ्या अनेक कुटुंबांचीही घरची भाषा मराठीच आहे. सीमाभागातील व हैदराबादकडील अध्यापकांना हा विषय ग्रंथातच शोधावा लागेल असे नाही.

शब्दांचे नातेही लक्षणीय आहे. ‘तमाशा’ हा मूळ अरबी शब्द ‘चालणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाला, फारसीत त्याला ‘प्रेक्षणीय गोष्ट’ असा अर्थ आला आणि मराठीत तो एका संपूर्ण लोकनाट्याचे नाव झाला. ‘शाहीर’ हा ‘शाइर’च. ग्रीक ‘थिएटर’मधील पाहणे जे अरबी भाष्यात ‘नजर’ या शब्दापाशी अडखळले, तेच पाहणे ‘तमाशा’ या शब्दातून मराठी रंगभूमीवर पोहोचले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ग्रीक नाटक अरबीत न येण्याचे प्रमुख कारण म्हणजे ते ज्या समाजांकडून येणार होते तेथेच त्याचे प्रयोग थांबले होते. दोन, ‘ट्रॅजेडी’ व ‘कॉमेडी’ या शब्दांचा नाट्यार्थ हरवणे ही पूर्व-पश्चिम अशा सर्वच मध्ययुगीन विद्येची मर्यादा होती. तीन, या काळात अरब जगात नकला, सोंगे आणि लिखित संहिता असलेला सावल्यांचा खेळ चालू होता व त्याची साक्ष शास्त्रज्ञ, सूफी, इतिहासकार आणि स्वतः नाटककार अशा सर्वांनी दिली आहे.

एखाद्या समाजाजवळ विशिष्ट शब्द नाही म्हणून ती गोष्टच नाही, असे मानण्याची सवय नाट्येतिहासापुरती मर्यादित नाही. तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात संपूर्ण संस्कृतीविषयी उणिवेची भावना रुजते आणि मग कोणी तिचा अभिमान बाळगतो, तर कोणी तिची लाज. दोन्ही भावना अपुऱ्या माहितीवर उभ्या असतात. नाट्याच्या इतिहासातील कालपट फळ्यावर लिहिताना अथेन्स आणि उज्जयिनीच्या जोडीला कैरोच्या बाब अल-फुतूहजवळील नेत्रवैद्याचे नाव लिहिले, तर ती पोकळी काही अंशी भरून निघेल आणि मध्ययुगाच्या मधोमध अंधाराऐवजी एक उजळलेला पडदा विद्यार्थ्यांना दिसू लागेल.